ड्राइव्हवेची तीन कोटेशनं, आणि त्यातलं एक फारच स्वस्त

गेटपासून घरापर्यंत गाडीसाठी काँक्रीटचा रस्ता, म्हणजे ड्राइव्हवे, करायचा आहे; सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराला काम द्यावं का आणि तो मागतोय तसे निम्मे पैसे आगाऊ द्यावेत का, हे तुमचे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: देऊ नका. पहिल्याचं उत्तर आत्ता कुणालाच देता येणार नाही, कारण तिन्ही कागदांवर 'काँक्रीट ड्राइव्हवे, मालासह' एवढंच लिहिलंय. खाली काय घालणार याचा पत्ता नाही, आणि ड्राइव्हवे खचतो तो बहुतेकदा खालूनच.

म्हणून तुम्हीच एक कागद तयार करा आणि तिघांकडून त्याच कामाचा दर घ्या. खोदाई किती, दबाईनंतर खडीचा थर किती उरणार, दबाई कशानं? कारपुरत्या कामाला खडी १०० ते १५० मिमी ठीक, चिकणमाती असेल तर जास्त. सगळी खडी एकदम ओतून वरून प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट तळाचं दबाईचं यंत्र) फिरवला तर वरचाच भाग घट्ट होतो, म्हणून 'थराथरानं दबाई' हे शब्द कागदावर हवेतच. स्वस्तवाला बहुधा इथेच वाचवत असतो.

काँक्रीटची जाडी कारसाठी १०० मिमी, जड गाडी येणार असेल तर १२५ ते १५०. काँक्रीट अडवणाऱ्या कडेच्या फळ्या बरोबर उंचीच्या असतात, पण पुष्कळदा मधे खडी उंच राहते आणि काँक्रीट ७० मिमीच पडतं. ओतण्याआधी दोन फळ्यांवर दोरी ताणा आणि मधे चार-पाच ठिकाणी टेप लावा. त्या दिवशी सुट्टी काढावी लागली तरी काढा. एकदा झाकलं की काही सिद्ध करणं फार अवघड जातं.

काँक्रीटमध्ये घालायची लोखंडी जाळी जमिनीवर पडलेली दिसली तर काम थांबवा. "ओतताना वर ओढून घेतो" म्हणतात, पण ती खालीच राहते. कव्हर ब्लॉकवर (जाळीखाली ठेवायचे छोटे ठोकळे) उचलून जाडीच्या वरच्या अर्ध्यात ठेवायला सांगा. जाळीनं तडा टळत नाही, तो फाकत नाही एवढंच. तडा कुठे जावा हे ठरवायला जॉइंट, म्हणजे काँक्रीटमध्ये मुद्दाम कापलेल्या खाचा, असतात: १०० मिमी जाडीला साधारण अडीच-तीन मीटरवर, २५ मिमी खोल, आणि कटर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी. घराच्या भिंतीलगत फोमची पट्टी सोडायची.

उतार घरापासून बाहेर, ५० ला १, म्हणजे तीन मीटरला ६० मिमी. जमीनच घराकडे उतरत असेल तर दारासमोर आडवी जाळीची गटार लागेल. तिचा खर्च आत्ताच धरा.

कालवलेलं काँक्रीट घट्ट वाटतंय म्हणून कामगार त्यात पाणी ओततात, ते होऊ देऊ नका, ताकद तिथेच जाते. नंतर सात दिवस ओलं कोण ठेवणार तेही लिहून घ्या. सात दिवसांनी कार चालेल, जड गाडी २८ दिवसांनी.

पैशांचे टप्पे: सुरुवातीला थोडे, खडीची दबाई पाहिल्यावर काही, काँक्रीट झाल्यावर मोठा भाग. शेवटचे दहा टक्के तरी नळी सोडून पाणी कुठे जातं ते पाहिल्यावरच.

आणि त्यांची जुनी कामं बघायला जा, तीन-चार वर्षांपूर्वीची. मोबाइलमधले फोटो सगळ्यांचेच छान असतात. कागद भरूनही तो स्वस्तवालाच सर्वांत स्वस्त निघाला, तर खुशाल त्यालाच काम द्या.