माळ्यावरचं पिस्तूल, त्यावरचा सिंह आणि पितांबरी

प्रश्न : वाईच्या जुन्या घराचा माळा साफ करताना ट्रंकेत एक पिस्तूल सापडलं. लाकडी दस्ता, पितळी कामाचं, लांबी साधारण पंधरा इंच, घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा अजून आहे. बाजूच्या पट्टीवर दोन पायांवर उभा, हातात मुकुट धरलेला सिंह कोरलाय. आजोबा म्हणायचे पेशव्यांच्या सरदाराचं आहे. एक डीलर 50 हजार म्हणतो, दुसरा 2 लाख. खरं काय? बायकोने पितळ पितांबरीने घासून चकाचक केलंय.

उत्तर : वहिनींना सांगा, आता थांबा प्लीज! जुन्या हत्याराचा काळपट रंग हीच त्याची वयाची खूण, घासलं की घेणाऱ्याच्या मनातून निम्मं उतरतं. लाकडाला तर पॉलिश अजिबात नको.

आता सिंह. तो ईस्ट इंडिया कंपनीचा, पेशव्यांचा नाही. 1808 च्या आधी कंपनी आपल्या हत्यारांवर बदामाच्या आकाराचं, चार भाग केलेलं चिन्ह मारायची, मग हा सिंह आला, म्हणजे तुमचं पिस्तूल खरं असेल तर त्यानंतरचं. ठासण्याचा गज नळीच्या तोंडापाशी बिजागरीला अडकवलेला आहे का बघा, असेल तर घोडेस्वाराचं, कारण घोड्यावर बसून बार भरताना गज हातातून पडला की संपलं. आजोबांची गोष्ट खोटीच असं नाही, लढाईत हत्यारं या हातातून त्या हातात जायचीच, पण पिस्तूल स्वतः ते सांगत नाही, कागद सांगतो. घरात जुनं पत्र, इनामाचा कागद, फोटो, काहीही असेल तर आधी ते शोधा. टिपूच्या शयनकक्षातली म्हणून ओळखली जाणारी तलवार 2023 मध्ये लंडनला 1 कोटी 40 लाख पौंडांना गेली, ती काय नुसत्या पोलादाची किंमत?

नकली भरपूर येतात, भिंतीवर टांगायची. रंजकाच्या, म्हणजे बार पेटवायच्या दारूच्या, वाटीशेजारी नळीला बारीक भोक, म्हणजे कान, असतो, शोभेच्या मालात तो बऱ्याचदा पाडलेलाच नसतो. अक्षरं आणि सिंह ओतीव, बोथट दिसले तरी शंका घ्या.

आणि हो, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पिस्तूल भरलेलं असू शकतं! दोनशे वर्षं बार तसाच राहिलेली हत्यारं सापडतात. तोंड स्वतःकडे न करता लाकडी काडी नळीत आत टेकेपर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग तीच काडी नळीच्या बाहेरून धरा. ती कानापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी अडकलंय, हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

किमतीबद्दल, फोटो न बघता आकडा सांगणारा मी नव्हे, आणि त्या दोन डीलरनी तरी घोड्याची बाजूची यंत्रणा उघडून आतलं काम बघितलं का? गारगोटी आपटून ठिणगी पाडायची पट्टी, स्प्रिंग, घोडा सगळं मूळचं आहे की नंतर बदललंय यावर भाव ठरतो. तोवर विकू नका.

प्रश्न : याला लायसन्स लागतं का? मुलगा लंडनला असतो, तिकडे पाठवून विकलं तर?

उत्तर : शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन हत्याराला सूट आहे, पण अट अशी की दुरुस्ती करूनही ते डागता येऊ नये. तुमचं त्यात बसतं का हे डीलरने नाही, पोलीस स्टेशन किंवा कलेक्टर ऑफिसने सांगायचं, तेव्हा लेखी विचारा. लंडनचं मात्र विसरा, शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा सुट्टीला येईल तेव्हा दाखवा त्याला.