मासे शिजवायची बंदी, बुडालेलं म्हणतात ते टोकन आणि डोंबिवलीचं घर

प्रश्न : आम्ही चिपळूणजवळच्या गावचे, कुणबी. मिस्टरांना विक्रोळीत नोकरी लागली आहे, १ डिसेंबरला हजर व्हायचं आहे. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल, मुलगा दोन वर्षांचा. मुलुंड पश्चिमेला ३४,००० रुपये भाड्याचा फ्लॅट पाहिला. एजंटने 'आजच बुक करा, उद्या जाईल' म्हणत स्वतःच्या खात्यावर २५,००० टोकन घेतलं. आठ दिवसांनी कराराचा मसुदा आला. त्यात 'घरात मांसाहार शिजवू नये' अशी अट, शिवाय बारा महिने घर सोडायचं नाही. मालक म्हणतात, रजिस्ट्रेशन कशाला, नोटरी करू. आम्ही नको म्हटल्यावर एजंट म्हणतो, टोकन परत नसतं, सगळीकडे हीच पद्धत. आता नणंद डोंबिवलीला बोलावते (भाडं १६,०००, डिपॉझिट ६०,०००). मामा म्हणतात दिव्याला या, नवी बिल्डिंग आहे, ९,००० मध्ये काम होईल. टोकन मिळेल का? घर कुठे घ्यावं? आणि शाळेच्या आरटीई (शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशाच्या) अर्जासाठी नणंदेचा पत्ता दिला तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी टोकनचं बघू, कारण तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे.

तुम्ही व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट जोडलेत हे उत्तम केलंत. मसुदा आला त्याच रात्री तुम्ही एजंटला लिहिलंय, 'दादा, आम्ही मासे खाणारी माणसं, हे आधी सांगायला पाहिजे होतं.' त्यावर त्याचं उत्तर : 'वासाचा प्रॉब्लेम होतो मॅडम, अॅडजस्ट करा.' ही दोन वाक्यं जपून ठेवा. करार व्हायला दोन्ही बाजूंची एकाच गोष्टीला एकाच अर्थाने संमती लागते, असं भारतीय करार कायद्याचं कलम १३ सांगतं. तुम्ही पैसे दिलेत ते भाडं, डिपॉझिट आणि घर पाहून. रोजच्या जेवणावर बंधन घालणारी अट त्यानंतर पुढे आली. म्हणजे ज्या व्यवहाराला तुम्ही हो म्हणालात आणि जो मसुद्यात आला, ते दोन वेगळे व्यवहार आहेत. करारच ठरला नाही तर टोकन जप्त कशाखाली करणार?

समजा, करार ठरला होता असं धरलं, तरीही अख्खं टोकन गिळता येत नाही. नुकसान झालं असेल तर वाजवी तेवढंच मागता येतं, हे त्याच कायद्याच्या कलम ७४ चं तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) या निकालात ते स्पष्ट सांगितलं. फ्लॅट आठ दिवस अडकून राहिला एवढ्यावर २५,००० चं नुकसान दाखवणं सोपं नाही. आणि इथे तर रक्कम मालकाकडे गेलेलीच नाही, एजंटच्या खात्यात आहे. त्याचं काय नुकसान झालं, ते त्याने सांगावं.

एक गोष्ट मात्र रोखठोक सांगतो. डोंबिवली स्वस्त पडते म्हणून तुमचं मन बदललं असतं, तर हेच उत्तर मी एवढ्या जोरात दिलं नसतं. म्हणून एजंटला लिहाल त्या पत्रात डोंबिवलीचा पाढा वाचू नका. नकाराचं खरं कारण अट आहे, तेच तारखेसकट लिहा.

तक्रार कुठे करायची? महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडे, जाऊन उपयोग नाही. रेरा कायद्यात एजंटची व्याख्या खरेदी-विक्रीपुरती आहे, भाड्याचा दलाल तिच्यात बसत नाही. मार्ग आहे ग्राहक आयोगाचा. दलाली द्यायचं ठरलं, तिथेच तुम्ही ग्राहक झालात. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे : तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. म्हणजे एजंट मुलुंडचा असला तरी दावा रत्नागिरीत होईल. फेऱ्या मारायच्याच झाल्या तर त्याने घाट उतरून याव्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पंधरा दिवसांत पैसे मागा. बरेच एजंट 'रत्नागिरी' हा शब्द वाचूनच नरम पडतात.

'अशी अट घालता येते का?' हा राग मला पत्रात दिसला. राग रास्त आहे, कायदा तितकासा तुमच्या बाजूने नाही. सोसायटीने अडवलं असतं तर बोलायला जागा होती, कारण आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सभासदाला घर लीव्ह अँड लायसन्सने (ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने) द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती सादर केली की झालं. पण खाजगी मालकाने आपल्या घरात कोणाला ठेवावं आणि कोणत्या अटीवर, यात तो बराच मोकळा आहे. सही करून गुपचूप शिजवू, हा विचार मनात असेल तर काढून टाका. सुका बोंबील तव्यावर पडला की तिसऱ्या मजल्यापर्यंत वर्दी जाते, आणि मग अटीचा भंग केला म्हणून डिपॉझिटवर हात पडतो.

नोटरीची गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती डोंबिवलीतही पुढे येणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. ११ महिन्यांचा असला तर नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय, तो खोटा आहे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. खर्च म्हणाल तर तुमच्या १६,००० भाड्याला आणि ६०,००० डिपॉझिटला सतरा महिन्यांच्या करारावर स्टॅम्प ड्युटी सातशेच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधारवर अंगठा घेऊन घरबसल्या होतं. एवढ्यासाठी मालक कां कू करत असेल, तर तो भाडं लपवतोय किंवा घराचे कागद धड नाहीत, असं मी तरी समजतो.

सतरा महिनेच का? ११ हा आकडा सवयीचा आहे, कायद्याचा नाही. १ डिसेंबरपासून ११ महिने धरले तर करार ऑक्टोबरअखेर संपेल, म्हणजे पोर पहिलीत रुळतेय तोच पुन्हा घर शोधा. सतरा महिने घेतले की त्याच्या पुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेर संपतो, शाळेचं वर्ष पदरात पडतं. लॉक-इन (ठरावीक महिने घर सोडायचं नाही, ही अट) असेल तर तो दोघांनाही बांधणारा लिहून घ्या. बहुतेक मसुद्यांत फक्त भाडेकरू बांधलेला असतो आणि मालक महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. मुदत संपल्यावर मात्र एक दिवसही जास्त राहू नका, भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते.

आता नणंदेचा पत्ता. देऊ नका. तुम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी, आणि आरटीईच्या २५ टक्के जागांत वंचित गटाला (त्यात ओबीसी येतात) उत्पन्नाची अट नाही. तुम्हाला हक्काने मिळण्यासारखी गोष्ट खोट्या पत्त्याने कशाला घालवता? पडताळणीत पत्ता चुकीचा निघाला की प्रवेश रद्द होतो. भाड्याने राहणाऱ्याला निवासाचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार चालतो, नोटरीचा चालत नाही. तो अर्ज सुरू होण्याआधीच्या तारखेचा आणि किमान ११ महिन्यांचा असावा लागतो. म्हणूनच डिसेंबरात नोंदणीचा आग्रह धरा, 'नंतर बघू' नको. शिवाय प्रवेशात घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळेला प्राधान्य असतं. तेव्हा आधी आरटीई पोर्टलवर त्या भागातल्या शाळा पाहा, मग घराची गल्ली ठरवा. वडिलांचा जातीचा दाखला आत्ताच प्रांत कार्यालयातून काढून ठेवा, मुंबईला गेल्यावर दाखल्यासाठी रजा टाकून खाली यावं लागतं.

मामांच्या दिव्याचं मला मनापासून कळतं. गावची गाडी तिथूनच सुटते, शेजारीपाजारी आपलीच माणसं, भाडं परवडणारं. पण 'नवी बिल्डिंग' हा दिलासा नव्हे. आपल्या महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. दिव्याच्या घराचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागा. ते ठाणे महापालिकेचं असेल. डोंबिवलीचं कल्याण-डोंबिवली महापालिकेचं. तिथेही डोळे मिटून जाऊ नका : डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या. 'घरपट्टी भरतो ना आम्ही' हे उत्तर मालक हमखास देतात. पालिका बेकायदा बांधकामाकडूनही कर घेते, त्याने ते कायदेशीर होत नाही. इमारत पाडली तर भाडेकरूच्या हाती उरतो फक्त मालकाकडून डिपॉझिट वसूल करण्याचा हक्क, आणि तो मालक तेव्हा फोन उचलेल याची खात्री मी देणार नाही. ओसीसोबत इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि ताजं वीजबिल बघा, दोन्हींवर नाव एकच हवं.

घर कुठे घ्यावं, हा खरं तर कायद्याचा प्रश्न नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो. ओसी मिळाली तर डोंबिवली. मिस्टरांना सकाळच्या लोकलमध्ये घुसमटावं लागेल, मुलुंडहून विक्रोळी चार स्टेशनांवर होती, हे खरं. पण दोन वर्षांच्या पोराला ताप आला तर पाच मिनिटांत येणारी नणंद आणि महिन्याला वाचणारे अठरा हजार, ही जमेची बाजू मोठी आहे. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, ते ऑनलाइन होतं, त्याची प्रत मागून घ्या.

डोंबिवलीच्या मालकाला टोकन द्यायची वेळ आली, तर आधी एक मेसेज पाठवा : 'भाडं १६,०००, डिपॉझिट ६०,०००, करार सतरा महिन्यांचा नोंदणीकृत, खाण्यापिण्यावर बंधन नाही, करार न झाल्यास टोकन सात दिवसांत परत.' त्याचं 'हो' आलं की मगच पैसे, आणि तेही मालकाच्याच खात्यावर.