पॅटर्न बदलला, जुन्याचं काय करू?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. एकाच वर्गातल्या, म्हणजे एकाच मूळ आराखड्याच्या, चार जहाजांसाठी आम्ही व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो. तिसऱ्या जहाजापासून बॉडीची लांबी २० मिलिमीटरनं वाढली. जुनाच पॅटर्न (ज्याच्यावरून ओतकामाचा साचा काढतो तो नमुना) वाढवून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको! नवा पॅटर्न करा, जुना जपून ठेवा. पहिली दोन जहाजं पंचवीस-तीस वर्षं समुद्रावर असतील, त्यांना सुटा भाग जुन्याच मापाचा लागणार.

एका वर्गातली जहाजं हुबेहूब कधीच नसतात. माझगाव डॉकनं बांधलेली ‘विशाखापट्टणम’ २०२१ मध्ये नौदलात आली, त्याच वर्गातली चौथी ‘सुरत’ २०२५ मध्ये. एवढ्या काळात पुरवठादार बदलतात, पहिल्या जहाजाच्या चाचण्यांतले दोष पुढच्यांत सुधारले जातात.

तुमच्या गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंगवर ‘जहाज ३ पासून लागू’ असं लेखी घ्या. नवा भाग जुन्याच्या जागी बसत असेल, तर पार्ट नंबर तोच ठेवून फक्त रिव्हिजनचं, म्हणजे ड्रॉइंगमधल्या सुधारणेचं, अक्षर पुढे जातं. तुमचा बसणार नाही, म्हणून पार्ट नंबरच नवा मागा. आणि तो बॉडीवर उठावाच्या अक्षरांत ओता. रंगानं लिहिलेलं पुसतं.

नोकरीत असताना एका रात्री स्टोअरमधून आणलेली बॉडी मी पाइपांच्या मध्ये धरली. नंबर बरोबर, पण बोटभर फट राहिली. सकाळी निघणारं जहाज दोन दिवस धक्क्यालाच राहिलं. ती फट अजून डोळ्यांसमोर आहे.