एकाच घरात चार वेळा पाने

प्रश्न : आम्ही हर्णै बंदराजवळ राहतो. यजमान मच्छीमार नौकेवर तांडेल आहेत. मासेमारी बंदीच्या जून-जुलै महिन्यांत ते घरीच असतात. तरीही सासूबाई साडेसातला मालिका पाहत जेवतात, आठवीतला मुलगा मोबाइल घेऊन, यजमान जाळ्यांचे काम आटोपून साडेनऊला आणि मी सर्वांच्या शेवटी. पूर्वीसारखे सर्वांनी एकत्र जेवावे, असा आग्रह मी धरावा का?
— एक वाचक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : आग्रह अवश्य धरा, मात्र त्यातला ‘पूर्वीसारखे’ हा शब्द काढून टाका. आपल्याकडे आधी पुरुषांची आणि मुलांची पंगत उठत असे आणि बायका मागाहून, उरलेसुरले घेऊन बसत. पंगतीतल्या गप्पा त्यांच्या कानी पडत त्या वाढता वाढता. म्हणून पहिला बदल तुमच्या पानापासून व्हावा. भाताचे पातेले, कालवण, भाकऱ्या मध्ये ठेवा, ज्याला जे हवे ते त्याने वाढून घ्यावे आणि तुम्ही सर्वांबरोबर बसा. वृद्ध सासूबाईंना साडेनऊपर्यंत उपाशी ठेवणे योग्य नव्हे. तेव्हा यजमानांनीच आठ वाजता जाळे बाजूला ठेवावे.

मोबाइलवरून रोज वाद घालू नका. ज्या रात्री खारा बांगडा असेल, त्या रात्रीपासून सुरुवात करा; काटे निवडताना नजर पानातच ठेवावी लागते आणि कान मोकळे राहतात.

बोलायचे काय, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना स्वतःच्या कुटुंबाविषयी २० प्रश्न विचारले होते : आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, अशा स्वरूपाचे. ज्यांना अधिक उत्तरे ठाऊक होती, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास अधिक आणि चिंता कमी आढळली. अर्थात उत्तरे पाठ करून घेतल्याने हे साधत नाही. ती घरच्यांच्या तोंडून, पुन्हा पुन्हा, ओघात कानावर पडावी लागतात.

२००९ च्या फयान वादळाच्या दिवशी आपले वडील कुठे होते, घरी आजीने ती रात्र कशी काढली, हे तुमच्या मुलाला ठाऊक आहे का? नसेल, तर सासूबाईंना सांगू द्या. यजमानांनी स्वतःची भीतीही सांगावी आणि रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्यांविषयीही बोलावे. परीक्षेचे गुण आणि कर्जाचे हप्ते मात्र जेवताना काढू नका, कारण जिथे रोज उलटतपासणी होते तिथून मूल लवकर उठते.

हंगाम सुरू होऊन यजमान समुद्रावर गेले की वेळ मोडू नका. तिघेच आठला बसा. ते परततील तेव्हा, मागे घरात काय काय बोलणे झाले, ते मुलानेच त्यांना जेवताना सांगावे.