शेड्यूल केलेली कामं आणि एक्सेलची शीट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑफिसच्या पीसीवर विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) साठेक कामं लावलेली आहेत. ती एका शीटवर दिसावीत म्हणून मॅक्रोतून 'एससीएचटास्क्स /क्वेरी /एफओ सीएसव्ही /व्ही' ही कमांड (शेड्यूलरची सविस्तर यादी स्वल्पविरामांनी तोडलेल्या सीएसव्ही फाइलच्या रूपात देणारी) चालवते आणि तयार झालेली फाइल उघडते. कधी शीट रिकामीच येते, कधी शीर्षकांची ओळ मध्येमध्ये पुन्हा येते. दुसऱ्या पीसीवर तर मॅक्रोला 'स्टेटस'चा कॉलमच सापडत नाही.

उत्तर : या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. व्हीबीएचं (एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचं) 'शेल' फंक्शन कमांड सुरू करतं आणि ती संपण्याची वाट न पाहता पुढच्या ओळीवर जातं. त्यामुळे मॅक्रो फाइल उघडतो तेव्हा ती अजून लिहून झालेली नसते. त्याऐवजी 'डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल' ऑब्जेक्टची 'रन' मेथड वापरा. पहिल्या जागी कमांड द्या, दुसऱ्या जागी ० म्हणजे काळी खिडकी दिसणार नाही, आणि तिसऱ्या जागी 'ट्रू' म्हणजे काम संपेपर्यंत मॅक्रो थांबेल. कमांडचा एक्झिट कोडही, म्हणजे ती यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा, हातात येतो. तो ० नसेल तर फाइल उघडूच नका. निकाल फाइलमध्ये वळवण्याचं '>' हे चिन्ह फक्त 'सीएमडी /सी'मार्फत चालवल्यावरच कळतं, हेही लक्षात असू द्या.

'/व्ही'सोबत सीएसव्ही मागितली की प्रत्येक फोल्डरसाठी शीर्षकं नव्याने छापली जातात. '/एनएच' दिलं की ती सगळीच जातात. मग शीर्षकं स्वतः लिहावी लागतात. शिवाय एकाच कामाला दोन ट्रिगर (ते कधी सुरू व्हावं याच्या दोन नोंदी) असतील तर त्याच्या दोन ओळी येतात, म्हणून ओळी मोजून कामांची संख्या काढू नका. शीर्षकांची भाषा त्या विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलते. दुसऱ्या पीसीवर 'स्टेटस' न सापडण्याचं कारण बहुधा हेच असेल. सगळ्यात फसवी चूक मात्र तारखांची. 'वर्कबुक्स.ओपन'ने सीएसव्ही उघडताना 'लोकल:=ट्रू' दिलं नाही, तर व्हीबीए महिना आधी धरतो. ३ ऑगस्ट गुपचूप ८ मार्च होतो आणि कुठेही एरर येत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा की यादी वाचायला कमांड वापरूच नका. 'क्रिएटऑब्जेक्ट'ने 'शेड्यूल.सर्व्हिस' तयार करा, 'कनेक्ट' म्हणा, 'गेटफोल्डर'ला '\' देऊन मुळाचं फोल्डर मिळवा आणि 'गेटटास्क्स(०)'वर लूप फिरवा. लपवलेली कामंही हवी असतील तर ०च्या जागी १ लिहा. पोटातल्या फोल्डरांसाठी 'गेटफोल्डर्स(०)' घेऊन तीच प्रोसीजर स्वतःला पुन्हा बोलावते. प्रत्येक कामाचे नेम, पाथ, स्टेट, लास्टरनटाइम, लास्टटास्करिझल्ट, नेक्स्टरनटाइम आणि नंबरऑफमिस्डरन्स हे गुणधर्म सेलमध्ये उतरवा. स्टेट हा आकडा असतो : १ बंद, २ रांगेत, ३ तयार, ४ चालू. तारखा खऱ्या तारखा म्हणूनच येतात आणि विंडोजच्या भाषेचा संबंधच राहत नाही. मात्र तुमच्या खात्याला जी कामं वाचायची परवानगी नाही, ती यादीत येणारच नाहीत. पूर्ण यादी हवी असेल तर एक्सेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

प्रश्न : कमांडने लावलेलं काम वेळेवर चालत नाही. तीच बॅच फाइल डबल-क्लिक केली की व्यवस्थित चालते. 'लास्ट रिझल्ट'मध्ये उणे चिन्हाचे लांबलचक आकडे दिसतात. त्यांचा अर्थ काय?

उत्तर : तो आकडा व्हीबीएच्या 'हेक्स' फंक्शनमधून काढा (ते १६च्या पद्धतीत आकडा देतं), म्हणजे ओळखीचा होतो. -२१४७०२४८९४ म्हणजे ८००७०००२ : फाइल सापडली नाही. -२१४७०२४६२९ म्हणजे ८००७०१०बी : फोल्डरचं नाव चुकीचं, हा बहुतेक वेळा 'स्टार्ट इन'च्या (काम कुठल्या फोल्डरमधून सुरू व्हावं त्या) चौकटीत अवतरणचिन्हं घातल्याने येतो, तिथे ती नकोच असतात. ८००७०५२ई म्हणजे लॉगिन फसलं. खात्याचा पासवर्ड बदलला आणि कामात जुनाच राहिला. २६७००९ म्हणजे काम अजून चालूच आहे आणि २६७०११ म्हणजे ते एकदाही चाललेलं नाही. हे दोन बिघाड नव्हेत.

फाइल न सापडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातली मोकळी जागा. काम लावणाऱ्या कमांडमध्ये '/टीआर'नंतरचा मजकूर (काय चालवायचं तो) अवतरणात असतोच; त्याच्या आत पाथसाठी पुन्हा '\"' अशी अवतरणं लागतात. व्हीबीएत ही चिन्हं 'सीएचआर(३४)'ने जोडली तर डोळ्यांना त्रास कमी. '/टीआर'ला २६१ अक्षरांची मर्यादाही आहे. या सगळ्यापेक्षा मोकळी जागा नसलेल्या छोट्या पाथवर बॅच फाइल ठेवणं बरं.

दुसरी अडचण चालू फोल्डरची. डबल-क्लिक केल्यावर बॅच फाइल स्वतःच्या फोल्डरमधून चालते, शेड्यूलरमधून मात्र विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधून. कमांडमध्ये 'स्टार्ट इन' देण्याची सोयच नाही. बॅच फाइलची पहिली ओळ 'सीडी /डी "%~डीपी०"' (डीपी आणि शून्य सलग) लिहा, प्रश्न मिटतो. नेटवर्कवरच्या ड्राइव्हला दिलेलं अक्षर फक्त तुमच्या लॉगिनपुरतं असतं, म्हणून तिथे '\\सर्व्हर\फोल्डर' असा पूर्ण पाथ द्या. आणि लॅपटॉप असेल तर 'कंडिशन्स'च्या टॅबमध्ये पाहा : चार्जर जोडलेला असेल तरच सुरू करायचं, ही खूण मुळातच केलेली असते.

प्रश्न : रोज पहाटे एक्सेलचा मॅक्रो शेड्यूलरमधून चालतो. मधेच दोन-तीन दिवस काहीच होत नाही, मग आपोआप पुन्हा सुरू होतं.

उत्तर : हा दोन-तीन दिवसांचा खंडच दुखणं कुठे आहे ते सांगतो. एक्सेलने 'बदल सेव्ह करायचे का' किंवा 'लिंक अपडेट करायच्या का' असं काहीतरी विचारलेलं असतं आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसतं. काम 'चालू'च राहतं. काम चालू असेल तर दुसरं सुरू करू नये, हा शेड्यूलरचा मूळ नियम. आणि ३ दिवसांपेक्षा जास्त लांबलेलं काम थांबवावं, हाही. म्हणून तिसऱ्या दिवसानंतर गाडी पुन्हा सुरू होते.

'डिस्प्लेअलर्ट्स' फॉल्स करा, फाइल उघडताना 'अपडेटलिंक्स:=०' द्या, एररसाठी वेगळी वाट ठेवा आणि त्या वाटेवरही फाइल बंद करून 'क्विट' म्हणा. मॅक्रोत 'मेसेजबॉक्स' एकही नको. संदेश लॉग फाइलमध्ये लिहा. 'सेटिंग्ज'मध्ये ३ दिवसांऐवजी १ तास निवडा. 'वापरकर्ता लॉगिन असेल तेव्हाच चालवा' हा पर्यायही ठेवा, कारण कुणीच लॉगिन नसताना ऑफिसचे प्रोग्राम चालवणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही.

प्रश्न : यासाठी एक्सेलच्या आतूनच ठरलेल्या वेळी मॅक्रो चालवणारं 'ॲप्लिकेशन.ऑनटाइम' पुरेसं नाही का?

उत्तर : एक्सेल उघडं असेपर्यंतच ते काम करतं. पीसी रात्री रीस्टार्ट झाला की वेळापत्रक गेलं.

प्रश्न : शीटवर खूण करून एकदम तीस कामं बंद करायची आहेत. धोका काय?

उत्तर : चुकीच्या ओळीवरची खूण. आधी प्रत्येक कामासाठी एससीएचटास्क्सची '/क्वेरी /टीएन नाव /एक्सएमएल' चालवून प्रत फाइलमध्ये ठेवा; हीच प्रत नंतर '/क्रिएट /एक्सएमएल'ने परत घालता येते. त्यात पासवर्ड मात्र नसतो, तो पुन्हा द्यावा लागतो. बंद करायला '/चेंज /टीएन नाव /डिसेबल' वापरा, '/डिलीट /एफ' नको. ती काही न विचारता काम कायमचं काढून टाकते. पाथ '\मायक्रोसॉफ्ट\'ने सुरू होत असेल तर मॅक्रोने ती ओळ सोडून द्यावी, अशी अट कोडमध्येच घाला. स्वतःची कामं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली तर ही अट सोपी होते. प्रत्येक कमांडचा एक्झिट कोड शेजारच्या कॉलममध्ये लिहा आणि शेवटी स्टेट शेड्यूलरमधून पुन्हा वाचा. शीटवर 'बंद' लिहिलेलं असलं तरी स्टेट ३ आला, तर काम बंद झालेलंच नाही. बहुतेक वेळा परवानगी कमी पडलेली असते. आणि '/आरपी'साठी (कमांडमध्ये खात्याचा पासवर्ड देण्याची जागा) लागणारा पासवर्ड कुठल्याही सेलमध्ये लिहू नका, लपवलेल्या शीटवरही नाही. लपवलेली शीट दोन क्लिकमध्ये दिसते.