खेळाडू मुलाला सैन्यात जायचे आहे, पण शिक्षण सोडून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळतो आणि अमेरिकेच्या नाईल किनिक या नौदलात गेलेल्या फुटबॉलपटूविषयी वाचल्यापासून शिक्षण सोडून अग्निवीर भरतीला जायचे म्हणतो, असे आपण कळवले आहे. त्याची ओढ खरी दिसते, तिला मोडता घालू नका. मात्र किनिकची वर्दीआधीची वर्षे त्याने नीट वाचावीत.

किनिक १९१८ साली आयोवातील एडेल या लहानशा गावी जन्मला. आजोबा राज्याचे गव्हर्नर होऊन गेलेले, तरीही महामंदीत घरची शेती परवडेनाशी झाली आणि १९३४ मध्ये कुटुंबाने ओमाहाला बिऱ्हाड हलवले. आयोवा विद्यापीठात १९३८चा हंगाम त्याने दुखऱ्या घोट्यानिशी काढला आणि संघाने आठपैकी एकच सामना जिंकला. पुढच्याच वर्षी बलाढ्य नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाला त्यांनी ७-६ असे हरवले, तेव्हा आयोवाचे सातही गुण किनिकचे होते. (हा अमेरिकन फुटबॉल, आपल्या मुलाचा खेळ वेगळा.) त्या वर्षीचा हाइझमन करंडक, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार, त्याला मिळाला. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की या धामधुमीत त्याने अभ्यास ढळू दिला नाही, पदवी पूर्ण केली, व्यावसायिक संघात न जाता कायद्याच्या शिक्षणाला प्रवेश घेतला आणि त्यानंतर, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या तीन दिवस आधी, तो नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणाला रुजू झाला. २ जून १९४३ रोजी सरावाच्या उड्डाणात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. आई म्हणून हेही आपल्याला ठाऊक असावे.

अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम केले जाते. पदवी हाती असेल तर सीडीएस (कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस) या लेखी परीक्षेतून सैन्यात अधिकारी होण्याची वाट खुली राहते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. तो एनसीसीत असेल तर ‘सी’ प्रमाणपत्र मिळेपर्यंत टिकून राहावे, कारण पुरेशी श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असल्यास एनसीसीच्या विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेविना थेट एसएसबी, म्हणजे सैन्याधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीची संधी मिळू शकते.

गुडघ्याची किंवा घोट्याची जुनी दुखापत असेल, तर आताच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. मुलाखत पार करूनही वैद्यकीय तपासणीत अडकलेले चांगले खेळाडू मी पाहिले आहेत.