रिले आपोआप का टकटकतात?

प्रश्न : मी ऐरोलीत डिप्लोमाला आहे. ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वरून लॅच चिप (दिलेला डेटा धरून ठेवणारी) लावून ८ रिले (विजेवर चालणारे स्विच) चालवायचेत. ७४ मालिकेतली ३७३ घेऊ की ५७३? आणि पॉवर देताच रिले उगाच टकटकतात, ते का? लॅचच्या पुढे यूएलएन२८०३ (रिले चालवणारी ड्रायव्हर चिप) आहे.

उत्तर : काम दोघींचं एकच, पण ५७३ मध्ये इनपुट सगळे एका बाजूला, आउटपुट दुसऱ्या बाजूला, ३७३ ला वायरिंगची नुसती खिचडी होते, म्हणून ५७३ च घे. मात्र नावात एचसी असलेली नको, एचसीटी असलेली घे बाबा! ५ व्होल्टवर एचसीला 'हाय' समजायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, तुझा ईएसपी देतो ३.३, म्हणजे कधी चालेल कधी नाही, एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. दुकानदार ५७४ देईल तर नीट बघ, ती क्लॉकच्या एजवर (सिग्नल लोचा हाय होतो त्या क्षणी) डेटा घेते, ५७३ चं एलई (लॅच एनेबल पिन) हाय असेपर्यंत इनपुट सरळ आरपार जातं.

टकटक होते कारण पॉवर येताना लॅचमध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. ओई (आउटपुट एनेबल) पिनला १० किलोओहमचा पुलअप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) लाव म्हणजे आउटपुट बंद राहतील, मग आधी डेटा दे, एलईला पल्स दे, आणि नंतरच ओई लो कर. हो, चिपच्या सप्लायला चिकटून १०० नॅनोफॅरॅडचा कॅपॅसिटर पण लाव, पोरं नेमका तोच विसरतात.